पुणे–कोयना–गुहागर–हरिहरेश्वर–ताम्हिणी: सहा दिवसांची गाडीसहल, भरती-ओहोटीच्या हिशेबाने

किनाऱ्याची सहल आखताना बहुतेक जण आधी नकाशा उघडतात, किलोमीटर मोजतात आणि मुक्काम ठरवून मोकळे होतात. कोकणात हा क्रम उलटा पडतो. इथे आधी तिथी बघायची, मग खाड्यांवरच्या फेरीबोटींच्या वेळा, मग मुक्काम, आणि किलोमीटर सगळ्यात शेवटी. तिथी न बघता गेलात तर हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर नेमके गुडघाभर पाणी असते आणि हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे भरतीचे पाणी जिथून उसळते त्या खडकातल्या चिरेत, तळाचे खडक कोरडे पडलेले असतात. दोन्ही ठिकाणी "परत कधीतरी" म्हणून माघारी फिरावे लागते.

खालची आखणी पुण्याहून निघून पुण्यातच संपणाऱ्या फेऱ्याची आहे. जाताना उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट, मग गणपतीपुळ्यापासून श्रीवर्धनपर्यंत समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे, आणि शेवटी ताम्हिणी घाट चढून मुळशीच्या तलावावरून घरी. एकूण अंतर साधारण साडेसातशे ते पावणेआठशे किलोमीटर. दिवस सहा, मुक्काम पाच. चार दिवसांत हे "होतं" असे सांगणारे भेटतील. त्यांच्या चार दिवसांत समुद्र फक्त काचेतून दिसतो.

दक्षिणेकडून उत्तरेकडे का

पुण्याची मंडळी सहसा ताम्हिणीने उतरून किनारा धरतात आणि खाली खाली जातात. उलट दिशा घेण्याची दोन ठोस कारणे आहेत.

पहिले, आपण गाडी डावीकडून चालवतो. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या अंगाला राहतो. म्हणजे आरे-वारेच्या कड्यावर किंवा शेखाडीच्या रस्त्यावर थांबायचे झाले तर समोरून येणारी वाहने ओलांडून पलीकडे जावे लागत नाही. डावीकडे मोकळी जागा दिसली की गाडी बाजूला घ्यायची. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर ही सोय नुसती सोय राहत नाही, सुरक्षिततेचाच भाग होते.

दुसरे कारण भरतीचे. हेदवीची बामणघळ बघायची तर भरती हवी आणि हरिहरेश्वराची प्रदक्षिणा करायची तर ओहोटी. दक्षिणेकडून निघालात तर हे दोन्ही एका सहलीत बसते. उत्तरेकडून निघालात तर सोयीच्या वेळी दोन्ही जमवणे फार अवघड.

तिथीवरून भरतीची वेळ

किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांत तिथी प्रतिपदेपासून नव्याने मोजायची. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरतेही, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि तिथीचा क्षय-वृद्धी असेल त्या पंधरवड्यात आणखी सरकतो. म्हणून आखणी तिथीवरून करा. प्रत्यक्ष त्या दिवशी मात्र रत्नागिरी किंवा श्रीवर्धनचे भरतीचे कोष्टक मोबाइलवर बघा, आणि यजमानांना विचाराच. त्यांना ते तोंडपाठ असते.

आता हे सहलीला लावून बघा. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास हेदवीला असायचे आहे, म्हणजे तो दिवस पौर्णिमा किंवा अमावास्या हवी. सहाव्या दिवशी तृतीया येते. तिची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. हरिहरेश्वराला मुक्काम करून सकाळी प्रदक्षिणा करायला याहून चांगली वेळ नाही. थोडक्यात, पुण्याहून त्रयोदशीला निघायचे. गणपतीपुळ्यात चतुर्दशी पडते, त्यामुळे संकष्टी-अंगारकीची गर्दीही टळते.

महिना ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात घाट हिरवे असतात आणि धरणे भरलेली, पण दुपारी उकडते. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम. मात्र २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा पूर्ण टाळा, कारण फेरीबोटीच्या रांगेतच दोन-दोन तास जातात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. त्यासाठी वेळासला एक मुक्काम वाढवावा लागतो आणि पिल्ले त्या दिवशी घरट्यातून बाहेर येतीलच अशी खात्री कोणी देत नाही. एप्रिल-मेमध्ये आंबा आहे, पण कातळावरचे ऊनही आहे. पावसाळ्यात हा फेरा करू नका. दरडी, धुके आणि खवळलेल्या पाण्यामुळे बंद राहणाऱ्या फेऱ्या एकत्र आल्या की आखणीला अर्थ उरत नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, म्हणजे ताज्या सुरमईच्या आशेने गेलेल्यांचीही निराशा.

गाडीची तयारी

ब्रेक पॅड आधी बघून घ्या. कुंभार्लीच्या उतारावर अर्धवट झिजलेले पॅड टिकतीलही, पण ताम्हिणीपर्यंत अजून बरेच चढउतार आहेत. कूलंटची पातळी थंड इंजिनावर बघा. टायरमधली हवा गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजा, आणि स्टेपनीची नक्की मोजा; स्टेपनीत हवा नसल्याचे पंक्चर झाल्यावर कळते, हा नेहमीचा प्रकार. अलॉय व्हीलला चोरीविरोधी नट असेल तर त्याची चावी डिकीत आहे का ते डोळ्यांनी बघा. ती नसेल तर जॅक आणि पाना असूनही चाक निघत नाही. ट्यूबलेस पंक्चरचे किट, १२ व्होल्टचा हवा भरायचा पंप, टो करायचा पट्टा आणि टॉर्च एवढे पुरे.

इंधन: पंधराचे ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला सुमारे पन्नास लिटर लागेल, घाट आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधले रस्ते धरून थोडे जास्तच. टाकी चिपळूण, रत्नागिरी, दापोली आणि माणगावला भरा, अर्धी असली तरी. किनाऱ्यालगतच्या गावात पंप मिळेल असे गृहीत धरू नका. सीएनजीवर तर अवलंबून राहूच नका. विजेवरची गाडी नेणार असाल तर चार्जिंगची सोय असलेले मुक्काम आधी नक्की करा. "पॉइंट आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. १५ अँपिअरचा आहे का आणि अर्थिंग आहे का हे विचारा.

रोख पैसे जवळ ठेवा. फेरीबोटीची खिडकी, घरगुती जेवण, पार्किंग, शहाळी यांना यूपीआय चालते, पण नेटवर्क असेल तरच. नकाशे आधी उतरवून घ्या आणि नकाशाच्या ॲपमध्ये "फेरी टाळा" ही सोय चालू राहिलेली नाही ना ते बघा. ती चालू असेल तर दाभोळहून गुहागरला जायला ॲप तुम्हाला खेड-चिपळूण फिरवून शंभराहून जास्त किलोमीटर चालवील.

उलटही होते. ॲप जवळचा रस्ता म्हणून वाडीतली पाखाडी, म्हणजे अरुंद पायवाट, दाखवते आणि पुढे गाडी वळवायलाही जागा नसते. अशा वेळी गावकऱ्याला "हा रस्ता जातो का" असे विचारू नका, रस्ता जातोच. "ह्या रस्त्याने एसटी जाते का" असे विचारा. जिथून एसटी जाते तिथून तुमची गाडी जाते. दुसरी खात्री कोणी देऊ शकत नाही.

वेगाचा अंदाज: पुणे–उंब्रज महामार्गावर ताशी पन्नास-साठ, घाटात आणि किनारी रस्त्यावर पंचवीस-तीस. ॲपने सांगितलेल्या वेळेच्या दीडपट धरली की दिवस नीट बसतो.

पहिला दिवस: पुणे–कोयनानगर–चिपळूण, सुमारे २६० किमी

सकाळी सहाला निघा, म्हणजे खंबाटकी आणि सातारा गर्दीआधी मागे पडतात. कराडपर्यंत जायची गरज नाही. उंब्रजला महामार्ग सोडून मल्हारपेठमार्गे पाटण गाठता येते आणि तासवडेचा टोलनाकाही लागत नाही. पाटणनंतर कोयनेचे खोरे सुरू होते.

कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरणाची भिंत आणि मागचा शिवसागर दिसतो. भिंतीवर सर्वसामान्यांना प्रवेश नसतो, त्यामुळे उद्यानातच वेळ घालवा. १०५ टीएमसीच्या या धरणाचे नाव ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने देशभर झाले. इथून पुढचा भूगोल लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोयना ही कृष्णेला मिळणारी, पूर्वेकडे जाणारी नदी. पण वीजनिर्मितीसाठी तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले आहे आणि ते वाशिष्ठीला मिळते. चौथ्या दिवशी धोपावे-दाभोळला जी खाडी ओलांडाल, तिच्यात हेच पाणी आलेले असते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी: या रस्त्याने शिवसागर फार दिसत नाही. तलावाच्या काठाने फिरायची हौस असेल तर महाबळेश्वरला मुक्काम करून तापोळ्याला जा आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून महामार्गाने चिपळूण गाठा. त्यासाठी एक दिवस वाढवा आणि निघण्याची तिथी एक दिवस अलीकडे घ्या.

कुंभार्ली घाट अवजड वाहतुकीचा आहे. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचे, म्हणजे बहुतेक वेळ दुसरा. ब्रेकवर पाय ठेवून गाडी घरंगळत नेली की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागते. वास आला की सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक पंधरा-वीस मिनिटे निवू द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. ऑटोमॅटिक गाडीत डी मध्ये उतरू नका, एल किंवा मॅन्युअल मोड लावा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचते हा समज घाटात जिवावर बेततो. आधुनिक इंजिन गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच करते, त्यामुळे वाचत काहीच नाही.

गाडी लागणाऱ्यांनी गोळी पाटणला घ्यावी, घाटात नव्हे. ती लागू व्हायला अर्धा तास जातो.

चिपळूणला दुपारी तीन-चारपर्यंत पोहोचाल. शहराबाहेर, उंचावर असलेला मुक्काम बघा.

दुसरा दिवस: चिपळूण–रत्नागिरी–गणपतीपुळे, सुमारे १२० किमी

हा दिवस महामार्गाचा. चौपदरीकरणाची कामे आणि वळवलेले रस्ते यांचा भरवसा नाही, म्हणून तीन तास धरा. निवळी फाट्यावरून थेट गणपतीपुळ्याला जाता येते, पण तसे करू नका. हातखंब्यावरून रत्नागिरीत जा, जेवा, टाकी भरा आणि आरे-वारेच्या रस्त्याने पुळ्याकडे निघा. पंचवीस-तीस किलोमीटरच्या या तुकड्यात चढ संपला की एकदम खाली दोन किनारे आणि मधली खाडी दिसते. तिथे थांबायला जागा थोडी आणि सेल्फीवाले फार. वळणावर गाडी उभी करू नका. चढ उतरून खाली सुरूच्या बनापाशी लावा आणि चालत वर या.

गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी नाही. उतार तीव्र आहे, परत फिरणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते आणि इथे बुडण्याच्या घटना वारंवार होतात. पाण्यात जायचेच तर घोट्यापर्यंत. ओहोटी सुरू असताना तर अजिबात नको, तेव्हा ओढ बाहेरच्या दिशेने असते. कोणी ओढले गेलेच तर किनाऱ्याकडे थेट पोहत धडपडायचे नाही. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडायचे आणि मग वळायचे. मुक्काम मालगुंडला केलात तर गर्दीतून सुटका होते आणि केशवसुतांचे स्मारकही तिथेच आहे.

तिसरा दिवस: जयगड–तवसाळ–हेदवी–गुहागर, सुमारे ६० किमी

अंतर बघून उशिरा निघू नका. सकाळी आठला मालगुंड सोडा, जयगडचा किल्ला बघा, दहाच्या आसपास बोटीवर चढा.

खाडीवरच्या या गाड्या नेणाऱ्या बोटीला लोक फेरीबोट म्हणतात, कुणी जंगलजेटी. सपाट डेकवर मोटारी, मोटरसायकली, कधी टेम्पो, आणि कडेला माणसे. जयगड–तवसाळ फेरी तासाला एक धरून चाला. चढण्याची पद्धत अशी: तिकीट काढायचे, गाडी रांगेत लावायची, बोट लागल्यावर आधी आतल्या गाड्या बाहेर येऊ द्यायच्या. मग कर्मचारी हाताने खुणा करील तशी आणि तेवढीच गाडी हलवायची. वयस्कर माणसे आणि मुले धक्क्यावरच उतरवा आणि चालत चढवा. कधी गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात. घाबरायचे कारण नाही, फक्त आरशापेक्षा त्या माणसाच्या हाताकडे बघा. उतारावरून बोटीच्या फळीवर चाक चढते तिथे कोन बदलतो आणि खाली बसकी असलेली गाडी नाकाने घासते. त्यावर उपाय दोन, वेग अगदी कमी ठेवणे आणि जड माणसे आधी उतरवणे. खोल ओहोटीला उताराचा खालचा भाग शेवाळलेला असतो. तिथे एकदम ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाके जागच्या जागी फिरतात. डेकवर पोहोचल्यावर इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

भाडे चारचाकीला काही शे रुपये आणि माणशी किरकोळ. फेऱ्या साधारण सकाळी सातच्या आगेमागे सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतात, पण शेवटच्या फेरीवर आखणी कधीच टांगू नका. बोट नादुरुस्त झाली तर पर्याय माहीत हवा. इथला पर्याय जाकादेवी–भातगाव पूल–आबलोली असा आहे, दोन तासांहून जास्त खाणारा.

तवसाळहून हेदवीला साडेअकरापर्यंत पोहोचाल. दशभुज गणपतीचे देऊळ आधी, मग समुद्रावरची बामणघळ. खडकात उभी चीर आहे. भरतीचे पाणी तीत शिरते, कोंडते आणि वर उसळते. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, तेव्हा छायाचित्रांतल्या उंचीची अपेक्षा ठेवू नका. पण उधाणाच्या भरतीला लाट घुसतानाचा आवाज छातीत जाणवतो. काळा, ओला खडक निसरडा असतो आणि काळा, कोरडा खडक नसतो. एवढा भेद पाळला आणि चिरेपासून चार-पाच हात मागे राहिलात तर धोका नाही. लाटेकडे पाठ करून फोटो काढू नका.

पुढे वेळणेश्वरवरून गुहागर. सुरूंच्या मागे लांब सरळ किनारा, व्याडेश्वराचे देऊळ, आणि जेवणाची चांगली घरे.

जेवणाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण नवखे इथेच चुकतात. घरगुती खाणावळीत माणसांचा आकडा बघून स्वयंपाक होतो. रात्रीचे जेवण दुपारी बारापूर्वी सांगा, उकडीचे मोदक आदल्या दिवशी, मासे हवे असतील तर मुक्काम ठरवतानाच. अनेक घरी फक्त शाकाहारी मिळते आणि तिथे बाहेरून मासे आणलेले चालत नाहीत. राहायची जागा ठरवताना चार प्रश्न विचारा: गाडी अंगणापर्यंत येते का, वीज गेल्यावर पंख्यासाठी इन्व्हर्टर आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि सकाळी सहाला चहा मिळेल का. चौथ्याचे उत्तर "हो" आले तर बाकी सगळे जमते.

पडवीत काढलेले बूट सकाळी झटकून घाला. कोकणात विंचू असतात. दंश झालाच तर घाम, उलट्या, छातीत धडधड यांची वाट न बघता जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून विंचूदंशाने दगावण्याचे प्रमाण खूप उतरले आहे, पण औषध वेळेत पोटात गेले पाहिजे. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी संकटासाठी ११२.

चौथा दिवस: धोपावे–दाभोळ–हर्णै–आंजर्ले, सुमारे ६५ किमी

सकाळी निवांत निघा. धोपाव्याहून वाशिष्ठी ओलांडून दाभोळ, तिथून बुरोंडी–लाडघर–कर्दे–मुरूड असा किनारा. टाकी भरायची असेल तर मध्येच दापोलीत चढून या. कर्दे-मुरूडचा किनारा पसरट आहे, मुलांना पाण्यात सोडायचे असेल तर तो पुळ्यापेक्षा बरा. गाडी मात्र वाळूत घालू नका. कोरडी वाळू चाक धरते, ओली वाळू आधी पक्की वाटते आणि थांबल्यावर खचते, आणि भरती कोणाची वाट बघत नाही. ट्रॅक्टरवाल्याला बोलावून गाडी ओढून काढण्याचा खर्च एका मुक्कामाएवढा होतो. वर खारे पाणी वायरिंगमध्ये शिरले असेल तर तो वेगळा.

दुपारी चारनंतर हर्णै बंदरात माशांचा लिलाव असतो. चपला जुन्या घाला, कडेला उभे राहा, बोली बोलणाऱ्यांच्या मध्ये फोन घेऊन घुसू नका. विकत घ्यायचे असेल तर लिलावातून घेतलेल्या कोळणींकडून किरकोळीत घ्या. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. होडीने जाता येते, पण त्याला सकाळ हवी. मुक्काम आंजर्ल्याला. कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून संध्याकाळी खाडी, पूल आणि समुद्र एका नजरेत येतो.

पाचवा दिवस: केळशी–वेळास–वेश्वी–हरिहरेश्वर, सुमारे ७० किमी

सगळ्यात कमी वस्तीचा आणि सगळ्यात अरुंद रस्ता. आडे, केळशी आणि पुढे वेळास. केळशीनंतर नकाशा दोन-तीन वाटा दाखवतो. तिथे वर सांगितलेला एसटीचा प्रश्न विचारा. समोरून एसटी आली तर रुंद जागा ज्याच्या जवळ असेल त्याने मागे यायचे. बहुतेक वेळा ते तुम्हीच असता. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवणे इथे उद्धटपणा नाही, शिष्टाचार आहे.

वेश्वीहून सावित्रीची खाडी ओलांडली की बागमांडला, आणि तिथून हरिहरेश्वर पाच-सहा किलोमीटर. ही फेरी बंद असेल तर म्हाप्रळ–आंबेत असा मोठा वळसा पडतो, म्हणून सकाळीच यजमानांना फोन करून फेरी चालू असल्याची खात्री करा. संध्याकाळी देवदर्शन आटोपून घ्या. प्रदक्षिणा आज नाही.

सहावा दिवस: प्रदक्षिणा, शेखाडीचा रस्ता, ताम्हिणी, सुमारे १९० किमी

सात-सव्वासातला देवळामागच्या पायऱ्या चढा. पलीकडे खडकांच्या खिंडीतून अरुंद पायऱ्या खाली समुद्रावर उतरतात, आणि तिथून लाटांनी सपाट कापलेल्या कातळावरून वाट डोंगराला वळसा घालते. कातळाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडलेली आहेत, ती शांतपणे बघण्यासारखी. नियम एकच: पाणी उतरत असताना जायचे, चढू लागण्यापूर्वी बाहेर पडायचे. वाट अर्ध्या तासाची आहे, पण लोक फोटोंसाठी कडेला जातात आणि अचानक आलेली एक मोठी लाट माणूस ओढून नेते. तिथले सूचनाफलक अनुभवातून लागलेले आहेत. फलक "बंद" म्हणत असेल तर बंद. गुळगुळीत तळव्याची चप्पल नको.

नऊला निघून श्रीवर्धन, मग कोंडविल–शेखाडी–दिवेआगर. हा किनाऱ्याला चिकटून जाणारा रस्ता सबंध फेऱ्यातला सर्वांत देखणा, आणि समुद्र तुमच्या बाजूला. इथे घाई करू नका. सातवा दिवस काढता आला तर तो दिवेआगरला काढा. मुंबईकरांनी इथूनच वेगळे व्हावे: दिघीला जाऊन आगरदांड्याची फेरी धरली की (जंजिऱ्याजवळचे) मुरूड–रेवदंडा–अलिबाग असा किनाऱ्यानेच परतीचा रस्ता मिळतो.

पुणेकर म्हसळामार्गे माणगावला या. माणगाव दुपारी दोनपर्यंत सुटले पाहिजे, म्हणजे निजामपूर–विळे मागे टाकून ताम्हिणीचा चढ उजेडात संपतो. चढताना अडखळत चालणाऱ्या वाहनामागे क्लच अर्धा दाबून गाडी तोलून धरू नका. पूर्ण थांबा, हँडब्रेक ओढा, जागा झाली की निघा. क्लच प्लेट जळण्याचे कारण बहुतेक वेळा चढ नसतो, हे तोलून धरणे असते. वर आल्यावर मुळशीचा जलाशय लागतो. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशी सत्याग्रह झाला. याही तलावाचे पाणी कोयनेसारखेच घाटाखाली, भिऱ्याच्या वीजघराकडे उतरते. काठावर चहा घ्या, पाण्यात उतरू नका. खाली गाळ आहे आणि काठापासून चार पावलांवर खोली एकदम वाढते.

सहावा दिवस रविवार येत असेल तर पौड–पिरंगुट–चांदणी चौक संध्याकाळी तुंबलेला असतो. अशा वेळी माणगावहून वाकण फाटा–पाली–खोपोली करून द्रुतगती मार्ग धरा; अंतर वाढते, वेळ बहुधा नाही.

घरी पोहोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून धुऊन घ्या, साध्या पाण्याने, दाब लावून. चाकांच्या कमानी, सायलेन्सर आणि ब्रेकच्या मागची बाजू नीट धुवायला सांगा, कारण फेरीवरचे खारे तुषार आणि तांबडी धूळ तिथेच बसते. एअर फिल्टर काढून झटका. तांबडा झाला असेल तर बदला.